देवाची रात्रपाळी

९ जून २०२५. सकाळी कामाच्या वेळेला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. काही जण गेले. त्याच संध्याकाळी नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी घरोघर पेढे देत होत्या. त्यांचे जावई डोंबिवलीला राहतात, रोज त्याच सुमाराला ठाण्याकडे येतात. त्या दिवशी शर्टावर चहा सांडला आणि शर्ट बदलेपर्यंत नेहमीची गाडी निघून गेली. चुकलेली गाडी नेमकी तीच होती की मागची-पुढची, हे कोणालाच धड माहीत नव्हतं, पण तेवढ्याने काय होतं! "देव तारी त्याला कोण मारी," वहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

पेढा मी घेतला, खाल्ला. वहिनींचा आनंद खरा होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. रात्री ओटा पुसताना मात्र मनात आलं, जे पडले त्यांच्याही घरी देव्हारा असेलच की. त्यांच्याही आईने डबा हातात देताना 'नीट जा रे' म्हणून देवाकडे एक नजर टाकली असेल. मग तिचा देव त्या दिवशी चहा सांडायला विसरला का?

ही म्हण वाचलेल्यांच्या घरात म्हणतात. गेलेल्यांच्या घरात ती उच्चारायची कोणाची छाती होत नाही. एवढ्यावरूनच तिचं पाणी कळतं.

मी देव मानते. संध्याकाळी दिवा लावते, गुरुवारी भजनी मंडळात हरिपाठाला बसते, सोमवारी जमेल तेव्हा जांभळी नाक्यावरून भाजी घेता घेता कौपिनेश्वराला जाऊन येते. तेव्हा हे कोणा नास्तिकाचं लिखाण नव्हे. पण संकटातल्या माणसाला 'देवावर भरवसा ठेव' असं आपण येता-जाता सांगतो, त्या वाक्याची एकदा झडती घ्यायला हवी. ते म्हणताना आपण समोरच्याला नेमकं काय देऊ करतो? तुझं वाईट होणार नाही, अशी हमी देत असू तर ती द्यायला आपण कोण? आपल्या संतपरंपरेने देवाच्या नावाने निकालाची हमी दिलेली मला तरी दिसत नाही. तिने सोबतीची हमी दिली. आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन ज्याने त्या सोबतीचं नाव घेतलं, त्याने निदान थोडा वेळ खाली टेकायला हवं. माझं भांडण एवढंच आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात माझे यजमान ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात एकोणीस दिवस आयसीयूत होते. बाहेरच्या दालनाला सगळे 'वेटिंग' म्हणत. लोखंडी जोडखुर्च्या, मध्ये दांडे, म्हणजे आडवं होण्याची सोय नाही. बिलाच्या खिडकीवर गणपतीची तसबीर होती, तिला साफसफाई करणारा एक मुलगा रोज सकाळी झेंडूचं फूल लावायचा. आतून स्पीकरवर कोणा पेशंटचं नाव पुकारलं की सगळेच अर्धे उठायचे आणि आपलं नाव नाही म्हणून परत बसायचे. दिवसभर हेच. देवळात घंटा वाजली की हात जोडले जातात तसं ते अर्धं उठणं अंगवळणी पडलं होतं.

भेटायला येणाऱ्यांची मला हळूहळू पारख व्हायला लागली. बरेच जण 'देव आहे ना, काही होणार नाही' म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. ते बिचारे भाबडे होते, तीन हात नाक्याचं ट्रॅफिक त्यांनाही होतंच. काही जण जवळ सरकून, आवाज खाली आणून विचारायचे, "कुलदेवतेचं काही राहिलंय का? नवस बोलला होतात का कधी? आठवून बघा." लांबच्या नात्यातल्या एका मामींनी तर यजमानांच्या दिवंगत वडिलांच्या श्राद्धाची तिथी कशी चुकली होती इथपर्यंत माग काढला. त्या गेल्यावर मी तासभर तेच आठवत बसले. आत नळ्या लावलेला नवरा आणि बाहेर मी हिशेब करतेय, कोणत्या वर्षी कोणती ओटी भरायची राहिली.

आणि यजमानांच्या ऑफिसातले एक गृहस्थ आले, ते देवाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून लांब वायरचा चार्जर काढला. त्या दालनात प्लगपॉइंट होते दोनच, तेही खुर्च्यांपासून लांब भिंतीला. फोन चार्ज करायचा तर तिथे उभं राहावं लागे, आणि उभं राहिलं की खुर्ची जाई. त्यांनी वायर माझ्या खुर्चीपर्यंत आणली, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून कडेने चिकटपट्टीने चिकटवली आणि रात्री अकरापर्यंत शेजारी बसून राहिले. त्या एकोणीस दिवसांत देव इथे आहे असं मला ज्या दोन-तीन वेळा अगदी स्वच्छ वाटलं, त्यातली ही एक.

'राहून गेलेल्या नवसा'ची चौकशी ही नुसती अगोचर नाही, घातक आहे. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात दाखल असलेल्या, वयाची पंचावन्न वर्षं ओलांडलेल्या ५९६ रुग्णांचा त्यांनी दोन वर्षं माग ठेवला. 'देवाने मला टाकलं', 'देवाचं माझ्यावर प्रेम नाही', 'हे सैतानाचं काम आहे' असं ज्यांच्या मनाने घेतलं होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळला. असल्या अभ्यासांतून अमुकमुळेच तमुक झालं असं ठोकून सांगता येत नाही, हे मान्य. तरी आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या देवालाच त्याच्यावर रागावलेला ठरवणाऱ्यांनी हा आकडा जरा मनात ठेवावा. मामींना मी तो कधी सांगितला नाही. सांगितला असता तर त्या म्हणाल्या असत्या, सैतान तिकडचा, आपल्याकडे कुठे असतो!

आपल्याकडचंच बघायचं तर चोखोबांकडे बघू. विठ्ठलावर त्यांच्याएवढा जीव टाकणारी माणसं किती झाली? देवळाची पायरी चढायची त्यांना बंदी होती, तरी नाव सुटलं नाही. परंपरा सांगते, १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर असताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. विठ्ठलाने भिंत धरली नाही. गोवर्धन करंगळीवर तोलल्याची कथा घरोघर माहीत असलेल्या या समाजाला भिंत अधांतरी थांबल्याची आणखी एक गोष्ट रचणं काय अवघड होतं? पण तशी रचली नाही. भिंत पडली असंच सांगितलं. पुढे काय सांगितलं, तर नामदेव ढिगाऱ्याशी गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं त्या वेचून त्यांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. चोखोबांची श्रद्धाच कमी पडली असेल, असं सातशे वर्षांत एकाही वारकऱ्याने म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि आपण मात्र किडनी निकामी झालेल्या माणसाला विचारतो, नवस फेडलात का?

दामाजीपंतांची गोष्टही आपण उलट्या बाजूने लक्षात ठेवलीय. कीर्तनात रंग चढतो तो विठू महार होऊन पांडुरंग बिदरच्या दरबारात पैसे भरतो तेव्हा. पण त्याआधी काय झालं होतं? दुष्काळात लोक टाचा घासत होते आणि मंगळवेढ्याच्या सरकारी कोठाराची किल्ली एका माणसाच्या हातात होती. त्याने, आपलं डोकं जाईल हे माहीत असताना, कोठार उघडलं. देव हिशेब चुकता करायला नंतर आला. दामाजीपंत कोठाराला कुलूप ठेवून भुकेल्यांना 'पांडुरंगावर भरवसा ठेवा' म्हणाले असते, तर विठू महार कशाला आला असता, काय भरायला? जनाबाईच्या जात्याशीही तेच. विठ्ठल तिचं दळण जादूने संपवून टाकत नाही, खुंट्याला हात लावून तिच्यासोबत दळतो.

माझा भाऊ या कथांना हसतो. तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हापासून तर जास्तच हिरिरीने. त्याचं आवडतं अस्त्र म्हणजे २००६ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली प्रार्थनेची चाचणी. सहा रुग्णालयं, बायपासचे १८०२ रुग्ण, प्रमुख हर्बर्ट बेन्सन. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि या दोन्ही गटांना नक्की काय ते सांगितलं नाही. त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक शून्य. तिसऱ्या गटाला 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे' असं सांगून ठेवलं होतं. त्यांच्यात ५९ टक्के! प्रार्थना करावी लागतेय म्हणजे आपलं काही खरं नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला.

भावाला वाटतं, हा आकडा ऐकून मी खचावं. मला उलट बरं वाटलं. देव म्हणजे पाचशे मिलिग्रॅमची गोळी नव्हे, हे एकदाचं छापून आलं. प्रार्थनेला औषधाच्या रांगेत उभं केलं की ती हरणारच, आणि तिला त्या रांगेत उभं करण्याचं पाप भावासारख्यांचं नाही, आपलं आहे. आमच्या राज्यातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही हा फरक ओळखतो. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. वारी, कीर्तन, भजन यांना तो हात लावत नाही. पण कायदा विंचवापर्यंत पोहोचतो, मनापर्यंत पोहोचत नाही. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, आणि आपण त्याचा उपयोग काय केला, तर कोणी जरा विचित्र वागला की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणून हसायचं. बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने रडणाऱ्या सुनेला 'नामस्मरण कर, बरं वाटेल' म्हणून गप्प करणारी घरं माझ्या माहितीत आहेत. नामस्मरणाला माझी ना नाही. पण डॉक्टरकडे नेण्याची रिक्षा कोणी बोलवायची, नामाने?

मग भाऊ त्याचा खरा प्रश्न काढतो, आणि तो टाळता येत नाही. तो म्हणतो, "चार्जर माणसाने आणला. कोठार माणसाने उघडलं. अस्थी माणसाने वेचल्या. मग सरळ माणसांवर भरवसा ठेवा म्हण ना. मध्ये देव कशाला?"

याचं उत्तर मला वाचून मिळालेलं नाही, त्या काचेपाशी मिळालं. आयसीयूच्या दाराला हातभर काच होती. भेटीची वेळ संध्याकाळी दहा मिनिटं, तीही एकालाच. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं यजमान काचेपलीकडे आणि मी अलीकडे. रात्री तीनला माझ्याशेजारी कोणी बसलेलं असेलही, पण त्यांच्याशेजारी मी बसू शकत नव्हते. शुद्ध असेल का, भीती वाटत असेल का, हाक मारत असतील का? जिथे माणसाचा हात पोहोचूच शकत नाही तिथे कोणीतरी आहे, असं धरून चालल्याशिवाय मला त्या खुर्चीत बसताच आलं नसतं. करोनाच्या काळात तर सबंध गावाची हीच दशा झाली होती. देवळांना कुलपं, २०२० च्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेलेल्या, आणि रुग्णालयात शिरलेल्या माणसाचं पुन्हा तोंड दिसेल की नाही याची शाश्वती नाही. तेव्हा दारं बंद असलेल्या देवळासमोर रस्त्यावरूनच हात जोडणारे लोक दिसत. त्यांचा देव कुलपाआड होता असं मला वाटत नाही. ते त्याला दुसरीकडे पाठवत होते, कुठल्या तरी वॉर्डात, आपल्याला परवानगी नसलेल्या खाटेपाशी. भाऊ याला मनाची समजूत म्हणतो. म्हणो. गरजवंताला अक्कल नसते, हेही तो म्हणतो. त्या दालनात बसून पाहिल्यावर मला वाटतं, गरजवंताला काही गोष्टी दिसतात, ज्या पोट भरलेल्याला दिसत नाहीत. इथे आमचं एकमत होणार नाही, आणि झालं नाही म्हणून रविवारची मिसळ काही थांबत नाही.

त्या दालनातली एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्नरकडचे एक माळकरी आजोबा आतड्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. थिएटरमध्ये न्यायच्या आधी अंगावरचं सगळं उतरवतात. तुळशीची माळ काढा म्हटल्यावर आजोबा अडून बसले. माळ गळ्यात पडली ती चितेपर्यंत. मुलगा चिडला, वॉर्डबॉय कात्री घेऊन आला, आजोबांनी गळा दोन्ही हातांनी झाकून घेतला. तेवढ्यात एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी मुलाला बाजूला केलं, भूलतज्ज्ञांना आत जाऊन विचारून आल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "बाबा, गळ्यातून काढू, पण अंगावरून नाही काढणार." माळेला जंतुनाशकाचा हात फिरवून तिची पट्टी केली, ज्या हाताला सुई नव्हती त्या मनगटावर गॉझमध्ये गुंडाळून बांधली. आजोबांनी स्वतः मान पुढे केली. सगळ्या प्रकाराला सहा-सात मिनिटं लागली असतील. श्रद्धा आणि उपचार यांच्या झगड्यावर आपल्याकडे परिसंवाद होतात. मला तर तो झगडा बऱ्याचदा सहा-सात मिनिटं कोणी द्यायची, एवढाच वाटतो.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. विसाव्या दिवशी यजमानांना वॉर्डात हलवलं. पुढे घरी आले, चौदा महिने चांगले होते, मग गेले. पण त्या विसाव्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, की मी खाली जाऊन अर्धा किलो पेढे आणले आणि वेटिंगमध्ये सगळ्यांना वाटले. मुंब्र्याच्या एक बाई माझ्या आधीपासून तिथे होत्या, मुलगा आत, मोटरसायकलचा अपघात. आम्ही एकमेकींची खुर्ची राखायचो. त्या तसबीहची माळ ओढायच्या, मी मनातल्या मनात नाम घ्यायचे. मी त्यांच्यापुढे बॉक्स धरला आणि म्हणाले, "देवाने ऐकलं हो." त्यांनी पेढा घेतला. "मुबारक हो," म्हणाल्या. पेढा खाल्ला नाही, रुमालात बांधून ठेवला. मला तेव्हा काहीही जाणवलं नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पेढे घेऊन दारात आल्या तेव्हा तो रुमाल आठवला. मुंब्र्याच्या त्या बाईंच्या मुलाचं पुढे काय झालं, मी कधी विचारायला गेले नाही.

ठाण्यात दहीहंडीला नऊ थर लागलेले आपण पाहिलेत. एकाच्या खांद्यावर एक अशी शेकड्याने माणसं उभी करता येतात आपल्याला. टेंभी नाक्याच्या देवीला लागणारी रांग आठवा, पाडव्याची स्वागतयात्रा आठवा. माणसं आहेत, संघटना आहे, देवावर श्रद्धा तर ओसंडून वाहतेय. एवढ्या माणसांतून आयसीयूबाहेर एकट्या बसलेल्या बाईशेजारी बसायला एक माणूस निघत नाही, कारण ते काम उत्सवात धरलेलं नाही. मंडळांनी रुग्णवाहिका घेतल्या, चांगलं केलं. रुग्णवाहिका दारात सोडून परत जाते, पुढची रात्र कोणाची?

आमच्या भजनी मंडळात चौदा बायका आहेत. गेल्या वर्षापासून हरिपाठ झाला की आम्ही पाळ्या लावतो. ओळखीपाळखीतलं कोणी रुग्णालयात असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा एक जण. बोलायचं कमी, उपदेश मुळीच नाही, नवसाची चौकशी तर बंदच. पिशवीत थर्मास, शाल, लांब वायरचा चार्जर. भाऊही दोन पाळ्या करतो, शब्दकोडं घेऊन बसतो. सगळ्यांना हे जमतं असं नाही. दोघी एका रात्रीतच सुटल्या, एकीला तिथल्या फिनेलच्या वासाने वांत्या झाल्या.

गेल्या आठवड्यात माझी पाळी होती. ओळखीचे होते ते पेशंट सकाळीच वॉर्डात गेले होते, मला निरोप मिळाला नाही, म्हणून मी पोहोचले तेव्हा बसायला आपलं असं कोणी नव्हतं. शेजारी मुरबाडकडचे एक म्हातारे होते, बायको आत. मांडीवर रेग्झिनची पिशवी घट्ट धरलेली, तिच्यात कागद, गोळ्या, घरून आणलेल्या भाकऱ्या. बाराच्या सुमाराला त्यांनी विचारलं, "ताई, हुईल ना बरी ती?"

तोंडावर आलं होतं, देव आहे ना. म्हटलं, "मला माहीत नाही बाबा. मी सहापर्यंत इथे आहे."

ते थोडा वेळ गणपतीच्या तसबिरीकडे बघत बसले. मग पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि चहा प्यायला खाली गेले. दोन दिवसांत पहिल्यांदाच खुर्ची सोडली म्हाताऱ्याने, वॉचमन म्हणाला.